अल्पमोली भाग आणि अमोल संच

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरून खाली येणाऱ्या वस्तूंमध्ये काही घरांत एक जडशीळ लोखंडी पेटी निघते. समोर मोठी तबकडी, काळ्या मुठी, आत काचेच्या नळ्यांची रांग आणि मागे कापडी आवरणाची वायर. आजोबा किंवा काका हौशी रेडिओचालक होते, रात्री उशिरापर्यंत परदेशातल्या लोकांशी बोलत बसत, एवढेच घरच्यांना ठाऊक असते. पेटी पुसली जाते. कोणीतरी कौतुकाने म्हणते, "चालतो का बघू या," आणि वायर थेट भिंतीतल्या सॉकेटात जाते. त्या क्षणापर्यंत तो संच बहुधा दुरुस्त होण्याजोगा असतो. पुढच्या पाच मिनिटांनंतर तो तसा राहीलच, असे नाही.

हौशी रेडिओ म्हणजे सरकारची परीक्षा देऊन, परवाना घेऊन, स्वतःच्या संचावरून जगाशी संवाद साधण्याचा छंद. भारतातल्या परवानाधारकांची सांकेतिक नावे साधारणपणे 'व्हीयू' या अक्षरांनी सुरू होतात. या छंदाला लोकोपयोगाची बाजूही आहे. २६ डिसेंबर २००४ रोजी अंदमानात त्सुनामी आली, तेव्हा भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हौशी प्रसारणासाठी योगायोगाने पोर्ट ब्लेअरलाच होते. टेलिफोन बंद पडलेल्या त्या काळात त्यांच्या संचांवरून निरोप मुख्य भूमीपर्यंत पोहोचले.

व्हॉल्व्हच्या काळातले हौशी संच बहुतांशी परदेशी. दुसऱ्या महायुद्धानंतर मोडीत निघालेली लष्करी उपकरणे पुष्कळांनी घेतली. पुढे अमेरिकेतल्या कॉलिन्स, हॅलिक्राफ्टर्स, हीथकिट यांचे आणि नंतर जपानच्या याएसू व केनवूड यांचे संच नावारूपाला आले. हीथकिट तर सुटे भाग आणि जोडणीची पुस्तिका घरी पाठवी, आणि ग्राहक स्वतः एकेक टाका डाखून संच उभा करी. यातले कित्येक संच आज पन्नास ते सत्तर वर्षांचे आहेत. त्यांचे पत्रे, मुठी, तबकड्या, ट्रान्सफॉर्मर अजून धडधाकट असतात. आतले काही लहान भाग मात्र कालबाह्य झालेले असतात, आणि संचाचे प्राण त्यांच्याच हाती असतात.

व्यापारी घरातल्या वाचकांना एक गोष्ट वेगळी सांगायला नको. काही माल वापराने झिजतो, आणि काही माल गोदामात नुसता पडून खराब होतो. रेडिओतले दोन प्रकारचे कपॅसिटर या दुसऱ्या जातीचे आहेत. संच रोज चालवला काय किंवा चाळीस वर्षे गादीत गुंडाळून ठेवला काय, त्यांचे वय थांबत नाही.

पहिला प्रकार इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचा. यात अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर ऑक्साइडचा अतिशय नाजूक थर असतो. तोच विद्युत्‌रोधक. त्याला लागून द्रवाने भिजलेला कागद असतो. घरातल्या उलटसुलट वाहणाऱ्या विजेचा एकदिश प्रवाह केल्यावर त्यात जो चढउतार राहतो, तो सपाट करण्याचे काम हा भाग करतो. संच वर्षानुवर्षे बंद राहिला की ऑक्साइडचा थर क्षीण होतो आणि द्रव सुकतो. अशा कपॅसिटरवर एकदम पूर्ण दाब आला की तो रोधक न राहता जवळजवळ वाहक बनतो. तापतो, फुगतो, कधी फुटतो. त्याच्यामागे असलेल्या रेक्टिफायर व्हॉल्व्हवर आणि मुख्य ट्रान्सफॉर्मरवर तो सगळा भार पडतो. फ्यूज असेल तर तो उडतो. पण जुन्या कित्येक संचांत फ्यूजच नसतो.

दुसरा प्रकार कागदी कपॅसिटरचा. मेणात किंवा तेलात भिजवलेला कागद आणि धातूचा वर्ख यांची ही गुंडाळी. कागद कितीही मुरवला तरी दशकांच्या ओघात ओलावा शोषतो, आणि त्यातून वीज झिरपू लागते. मुंबई-कोकणच्या दमट हवेत हे अधिकच घडते. स्प्रेग कंपनीचे काळे, रंगीत पट्ट्यांचे कपॅसिटर दिसायला इतके देखणे की त्यांना 'ब्लॅक ब्यूटी' असे नाव पडले. पण दुरुस्ती करणाऱ्यांत त्यांची पत शून्य आहे. वरून नवेकोरे दिसतात आणि आतून गळतात.

ही गळती किती घातक, याचा हिशेब मांडून पाहावा. ध्वनीच्या पहिल्या व्हॉल्व्हच्या प्लेटवर समजा १०० व्होल्ट आहेत. तिथून आवाजाचा संदेश पुढच्या मोठ्या व्हॉल्व्हच्या ग्रिडवर न्यायचा, पण ते १०० व्होल्ट मात्र अडवायचे, एवढेच काम मधल्या एका छोट्या कपॅसिटरचे. ग्रिडपासून जमिनीपर्यंत ४ लाख ७० हजार ओहमचा रोध आहे. आता कपॅसिटरची गळती अगदी किरकोळ, म्हणजे त्याचा रोध अजूनही एक कोटी ओहम आहे असे धरू. तरी ग्रिडवर सुमारे साडेचार व्होल्ट धन दाब पोहोचतो. ६व्ही६ या प्रचलित व्हॉल्व्हची ग्रिड २५० व्होल्टवर काम करताना साडेबारा व्होल्ट ऋण असावी लागते. त्यातून साडेचार वजा झाले की व्हॉल्व्हमधला प्रवाह वाढतो, व्हॉल्व्ह तापतो, गळती आणखी वाढते, आणि शेवटी केसासारख्या बारीक तारेचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. संच या काळात गात असतो. आवाज थोडा फाटका वाटतो, एवढेच. साधा मल्टिमीटर हा दोष सहसा दाखवत नाही, कारण तो जेमतेम काही व्होल्टवर मोजतो आणि गळती खरी उघडी पडते ती कामाच्या दाबाखाली. खात्रीचा उपाय वेगळा आहे. आउटपुटचा व्हॉल्व्ह काढून, संच सुरू ठेवून, त्याच्या रिकाम्या सॉकेटात ग्रिडच्या जागी व्होल्ट मोजावेत. तिथे शून्य हवे. काटा जरा जरी धन बाजूस सरकला तरी तो कपॅसिटर बाद.

याच न्यायाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे आर-३९०ए हा ग्राहक संच. १९५० च्या दशकात अमेरिकन सैन्यासाठी कॉलिन्सने तो रचला, आणि लष्कराने काढून टाकल्यावर हौशी मंडळींनी तो डोक्यावर घेतला. शेजारचे केंद्र वेगळे काढण्यासाठी यात २, ४, ८ आणि १६ किलोहर्ट्झ रुंदीचे चार यांत्रिक फिल्टर आहेत. धातूच्या लहान चकत्यांच्या कंपनावर चालणारी ही कारागिरी आज नव्याने मिळत नाही. या चारही फिल्टरांच्या आणि उच्च दाबाच्या मध्ये एकच कपॅसिटर उभा आहे. आकृतीत त्याचा क्रमांक सी-५५३, मूल्य ०.०१ मायक्रोफॅरड. तो आतून जुळला की उच्च दाब थेट फिल्टरच्या नाजूक वेटोळ्यातून जमिनीकडे धावतो आणि फिल्टर जळून जातो. एका चहाच्या किमतीचा नवा भाग वेळीच घातला असता तर हे टळले असते. म्हणून जाणकार माणूस हा संच विकत घेतला की वीज लावण्याआधी पत्रा उघडून सी-५५३ बदलतो. तो खराब आहे की नाही हे तपासत बसत नाही.

इथे दुरुस्तीची दोन मते समोर येतात. एक म्हणते, जे बिघडले तेवढेच बदला. दुसरे म्हणते, सगळेच नवे घाला. माझ्या मते दोन्ही अर्धवट आहेत. बिघडलेला भाग आणि बिघडणार हे निश्चित असलेला भाग यांत फरक करण्यात अर्थ नाही, विशेषतः त्याच्या बिघडण्याने दुसरे अमोल काही जळणार असेल तेव्हा. म्हणून सर्व कागदी आणि इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदलावेत. पण अभ्रकाचे, सिरॅमिकचे कपॅसिटर, कॉइल, व्हॉल्व्ह यांना दोष सिद्ध झाल्याशिवाय हात लावू नये. संच मुका झाला की लोक प्रथम व्हॉल्व्हवर संशय घेतात, आणि तो बहुधा निर्दोष असतो. कॉइलच्या वरचे छोटे स्क्रू तर सैल वाटले म्हणून कोणी आवळू लागला, की कारखान्यात जुळवलेला सूर कायमचा बिघडतो. मागून ते पुन्हा जुळवायला सिग्नल जनरेटर आणि पुष्कळ धीर लागतो.

बदल एका वेळी एकाच भागाचा करावा. जुना काढला, नवा त्याच जागी, तेवढ्याच आखूड तारांवर बसवला, वहीत नोंद केली, मग पुढचा. वीस भाग एकदम कापून ठेवले की कोणती तार कुठे होती हे आकृतीसुद्धा सांगत नाही, कारण जुन्या संचांत कारखान्याने आकृतीनंतर केलेले फेरफार पुष्कळदा आढळतात. काढलेले भाग पाकिटात नाव-मूल्य लिहून संचाबरोबरच ठेवावेत. पुढच्या पिढीतल्या दुरुस्ती करणाऱ्याला त्यांचा उपयोग होतो. तेलाने भरलेले धातूच्या डबीचे जुने कपॅसिटर मात्र फोडू नयेत. त्या काळच्या अशा काही डब्यांत पीसीबी नावाचे विषारी तेल वापरलेले असे.

आता खरेदीची गोष्ट. मुंबईत लॅमिंग्टन रोड, म्हणजे आजचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, या मालाची जुनी पेठ. कागदी कपॅसिटरच्या जागी आजचा पॉलिस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीन फिल्मचा कपॅसिटर घ्यावा. मूल्य तेच, पण व्होल्टची मर्यादा मूळ इतकी किंवा अधिक. ४०० च्या जागी ६३० व्होल्टचा घेतला तर उत्तम. इलेक्ट्रोलिटिक ८ मायक्रोफॅरडचा होता तर १० चा चालतो, १६ चा होता तर २२ चा. त्याहून फार मोठा घालण्याचा मोह आवरावा. रेक्टिफायर व्हॉल्व्हला लागून असलेला पहिला कपॅसिटर किती मोठा असावा याची मर्यादा त्या व्हॉल्व्हच्या तक्त्यात दिलेली असते. ती ओलांडली की व्हॉल्व्हचे आयुष्य घटते. जुना डबा शोभेसाठी जागेवर ठेवून नवा चासीखाली बसवणे रास्त आहे, पण जुन्याच्या तारा सोडवल्याच पाहिजेत. नवा त्याच्या जोडीला समांतर लावला तर गळका भाग तसाच गळत राहतो.

दुकानदार कधी मोठ्या कौतुकाने 'जुना पण न वापरलेला' कागदी कपॅसिटर मूळ खोक्यात काढून दाखवतो. तो घेऊ नये. व्हॉल्व्ह खोक्यात पडून सहसा बिघडत नाही, त्यामुळे न वापरलेल्या जुन्या व्हॉल्व्हला मोल आहे. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने एके काळी बनवलेले व्हॉल्व्हही शोधले तर हाती लागतात. कागदाचे तसे नाही. नावांतही सावधगिरी हवी. अमेरिकेतला १२एएक्स७ आणि युरोपातला ईसीसी८३ हा एकच माल, तसेच ६बीक्यू५ आणि ईएल८४. उलट ६१४६ आणि ६१४६बी या नावांत एकाच अक्षराचा फरक, पण जुन्या प्रेषकांत एकाच्या जागी दुसरा बसवला तर न्यूट्रलायझेशन पुन्हा जुळवावे लागते, आणि काही संचांत ते नीट जुळतही नाही.

रेझिस्टरविषयी फार सांगण्यासारखे नाही. जुने कार्बनचे रेझिस्टर ओलाव्याने मूल्यात वर सरकतात. सोनेरी पट्टा म्हणजे ५ टक्के, चंदेरी म्हणजे १०, पट्टाच नाही तर २० टक्के चूक कारखान्यानेच मान्य केलेली. त्या मर्यादेपलीकडे गेलेला तेवढा बदलावा. जागेवरच मोजताना एक खूण लक्षात ठेवावी. शेजारच्या भागांमुळे आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसू शकतो, जास्त दिसत नाही. म्हणून जागेवर मोजूनही आकडा लिहिलेल्या मूल्याच्या फार वर गेला, तर तो रेझिस्टर निःसंशय सरकलेला.

सेलेनियमच्या पत्र्यांचा रेक्टिफायर काही संचांत असतो. तो जळला की खोलीत असह्य, विषारी दुर्गंध पसरतो. त्याजागी १एन४००७ हा सिलिकॉन डायोड नाममात्र किमतीत मिळतो. पण सिलिकॉनमध्ये दाब फारसा खर्ची पडत नाही, म्हणून पुढच्या सगळ्या भागांवर मूळ रचनेपेक्षा जास्त व्होल्ट येतात. योग्य रेझिस्टर मालिकेत घालून हा फरक भरून काढावा लागतो. नवा भाग जुन्याहून सरस असणे हे इथे सोयीचे ठरतेच असे नाही.

दोन जागा अशा आहेत जिथे प्रश्न संचाचा नसून माणसाच्या जिवाचा आहे. पहिली, घरच्या विजेच्या तारेपासून चासीपर्यंत लावलेले कपॅसिटर. ते आतून जुळले की पूर्ण लोखंडी पेटी विजेच्या दाबाखाली येते. इथे साधा कपॅसिटर लावू नये. यासाठी खास प्रमाणित, वाय वर्गाचे सुरक्षा कपॅसिटर मिळतात, आणि दोन तारांमध्ये लावायचे ते एक्स वर्गाचे. हॅलिक्राफ्टर्स एस-३८ सारख्या, मुख्य ट्रान्सफॉर्मर नसलेल्या स्वस्त संचांत तर विजेची एक बाजू थेट आतल्या मांडणीशी जोडलेली असते. असे संच आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवाचून उघडू नयेत. दुसरी जागा प्रेषकातली. कॉलिन्सच्या केडब्ल्यूएम-२ मध्ये अखेरच्या व्हॉल्व्हच्या प्लेटवर सुमारे ८०० व्होल्ट असतात. ते अँटेनापर्यंत जाऊ नयेत म्हणून प्रेषकात मध्ये एक उच्चदाबाचा कपॅसिटर असतो, आणि तो फुटलाच तर दाब जमिनीत उतरावा म्हणून अँटेनाच्या टोकाशी एक चोक जोडलेला असतो. चोकमुळे फ्यूज उडतो आणि गच्चीवर तार बांधणारा माणूस वाचतो. 'याचा काही उपयोग दिसत नाही' म्हणून तो चोक कोणी काढून टाकला असेल, तर प्रथम तो बसवावा, मग बाकीचे.

संच बंद करून वायर काढली तरी आतले कपॅसिटर भरलेले राहू शकतात. ते रिकामे करण्यासाठी कारखान्याने बसवलेला ब्लीडर रेझिस्टरच पुष्कळदा तुटलेला असतो. म्हणून दर वेळी मीटरने मोजून, रेझिस्टरमधून दाब उतरवून, पुन्हा मोजून मगच हात घालावा, आणि तोही एकच. दुसरा हात पाठीमागे. ज्याला याची सवय नाही त्याने ही कामे जाणत्या माणसाकडेच सोपवावीत. घरातल्या मुलांसमोर हौसेने उघडण्याची ही वस्तू नव्हे.

भाग बदलल्यानंतर पहिल्यांदा वीज कशी द्यावी, हे शेवटी सांगतो. अमेरिकन संच ११५ व्होल्टच्या आसपासचा असतो, आपल्याकडे २३० आहेत. म्हणून मागची पाटी आणि ट्रान्सफॉर्मरची जोडणी आधी पाहावी आणि लागेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्यावा. तिकडची वीज ६० हर्ट्झची, आपली ५०. त्यामुळे केवळ ६० साठी बांधलेला ट्रान्सफॉर्मर इथे थोडा अधिक तापतो. तासाभराने त्याला हात लावून पाहण्याची सवय ठेवावी. मग विजेच्या वाटेत मालिकेने ६० किंवा १०० वॅटचा बल्ब जोडावा. तो जुन्या तारेचाच हवा, एलईडी चालत नाही. रेक्टिफायर व्हॉल्व्ह काढून ठेवावा, म्हणजे उच्च दाब तयार होणार नाही आणि ट्रान्सफॉर्मर एकटा तपासता येईल. बल्ब मंद राहिला आणि व्हॉल्व्हच्या तारा तांबूस झाल्या तर ट्रान्सफॉर्मर शाबूत आहे. मग वीज काढून रेक्टिफायर जागेवर बसवावा. या वेळी बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर पुढे जाण्यास हरकत नाही. तो प्रखर पेटून तसाच राहिला तर आत कुठेतरी दाब जमिनीला मिळतो आहे, आणि त्या बल्बने आपला ट्रान्सफॉर्मर वाचवला आहे. डिमरस्टॅट असेल तर व्होल्ट सावकाश चढवता येतात, पण बल्ब तरीही सोबत ठेवावा.

ग्राहक संच इथवर आला की अँटेनाऐवजी चार-सहा मीटर वायर लावून सायंकाळनंतर ७ मेगाहर्ट्झच्या आसपास तबकडी फिरवून ऐकावे. प्रेषकाचे तसे नाही. त्याची चाचणी डमी लोडवरच घ्यावी, आणि परवाना नसलेल्याने प्रेषक बाळगू नये व चालवू नये, असा कायदा आहे. घरात आजोबांचा प्रेषक असेल आणि परवानाधारक कोणी उरले नसेल, तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी जवळच्या हौशी रेडिओ मंडळाशी बोलावे. त्यांच्यातला कोणी परवानाधारक रीतसर तो नावावर करून घेतो. संचासोबतची जोडणी-पुस्तिका आणि आजोबांच्या हस्ताक्षरातली नोंदवही असेल तर तीही द्यावी, किंवा निदान छायाप्रत द्यावी. कोणता भाग कोणत्या साली बदलला होता, हे पुष्कळदा तिथेच लिहिलेले सापडते.